बुडालेले बघायला

"बुडालेलं बघायला पैसं मोजलंस व्हय गं?"

अण्णांनी हे विचारले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता. कडक भाकरीचा तुकडा आमटीत टाकून तो मऊ होण्याची वाट पाहत ते माझ्या मोबाईलच्या पडद्याकडे निरखून बघत होते. पडद्यावर हिरवट अंधार होता, त्या अंधारात गंजलेल्या लोखंडाची एक वाकलेली फासळी होती आणि तिच्या अंगावरून इवल्या माशांचा थवा सरकत होता. गोव्याच्या समुद्रात ग्रॅण्ड बेटाजवळ बुडालेल्या एका जुन्या जहाजाचे ते चित्रण होते आणि ते मी मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला घेतले होते. किती पैसे लागले तो आकडा मी थोडा कमी करून सांगितला. त्यांनी भाकरी संपवली, ताट उचलून मोरीत नेऊन ठेवले आणि त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्यापुरता तो अजून संपलेला नाही. दाढेत अडकलेल्या सुपारीच्या कणासारखा तो प्रश्न जीभ फिरवली की लागतो.

सोलापुरात राहणाऱ्या बाईने चाळिशी ओलांडल्यावर समुद्राच्या तळाशी जाण्याचा छंद लावून घ्यावा, हे मुळातच थोडे हास्यास्पद आहे, हे मला मान्य आहे. आमच्याकडे पाणी दिवसांवर मोजतात. नळ चार दिवसांआड येणार की पाच, पहाटे येणार की मध्यरात्री, यावर इथल्या घरांची झोप ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या वर गेला की टिपाडाच्या तळाशी उरलेल्या पाण्याला एक कोमट, प्लास्टिकचा वास येतो आणि तो वास म्हणजेच माझ्या लेखी सोलापूरचा उन्हाळा आहे. त्याच सुमारास गल्लीतून, बसमधून, भाजीच्या गाड्यापाशी एक वाक्य ऐकू यायला लागते, "उजनी मायनसमध्ये गेली." बाहेरच्या माणसाला धरण उणे कसे होऊ शकते ते कळत नाही. धरणात मावणाऱ्या ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे हिशेबात न धरलेले तळचे पाणी आहे, त्यामुळे आमच्या हिशेबातल्या शून्याच्या खालीही अर्ध्याहून अधिक धरण शिल्लक असते. त्या शून्याखाली काय आहे, हे आमच्या घरात कोणी फारसे बोलत नसे.

मी पोहायला शिकले ते मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. विहिरीत सूर मारणाऱ्याला सगळ्यांत आधी दम कोंडायला शिकवतात. म्हणून मालवणला पहिल्यांदा पाठीवर सिलिंडर चढवला, तेव्हा तिथल्या प्रशिक्षकाने सांगितलेला पहिला नियम मला उलटा वाटला. दम कोंडायचा नाही, काहीही झाले तरी श्वास चालू ठेवायचा. कारण पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढत जातो आणि १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. दम कोंडून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना ती जागा देता येत नाही. विहिरीत जे वाचवते तेच समुद्रात मारते, हे ऐकून मी त्या होडीत बराच वेळ गप्प बसून राहिले. समोर सिंधुदुर्गाचा तट होता, डिझेलचा आणि सुकलेल्या मासळीचा वास येत होता, आणि प्रशिक्षक मालवणीत दुसरा नियम सांगत होता, "अंगठो दाखवलात तर मी तुमका वर घेऊन येतलंय. बरा वाटता म्हणून अंगठो दाखवू नकात." पाण्याखाली बोटाचे आणि अंगठ्याचे वर्तुळ म्हणजे सारे ठीक. उभा अंगठा म्हणजे वर चला.

मी काय केले असेल ते सांगायला नको. पाच-सहा मीटर खाली, प्रवाळाच्या एका गाठाळ खडकापाशी पिवळे-काळे पट्टे असलेल्या माशांनी मला घेरले आणि आनंदाच्या भरात मी दोन्ही अंगठे उंचावले. पुढच्या क्षणी माझ्या पाठीशी असलेल्या त्या माणसाने मला अलगद वर आणायला सुरुवात केली. डोके बाहेर आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते आणि तो मात्र रोज दहा वेळा हेच बघत असल्यासारखा शांत होता. पुन्हा खाली नेले त्याने, पण पहिल्या त्या क्षणाचे काही परत आले नाही.

त्या दिवसापासून हे वेड लागले. पुढे रीतसर शिक्षण घेतले, १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी देणारे कार्ड मिळाले, कान मोकळे करण्यासाठी नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारणे इतके अंगवळणी पडले की एकदा फोंडा घाट उतरताना एसटीतही मी तेच करत बसले. शिकताना कानांबद्दल एक गोष्ट कळली. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो दोन्ही कानांवर जवळपास एकदमच आदळतो आणि कोणत्या बाजूने आला ते मेंदूला ठरवता येत नाही. सोबत्याने सिलिंडरवर धातूच्या कांडीने टकटक केली की आपण चारही दिशांना मान फिरवत राहतो. अण्णा तीस वर्षे चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. त्या खटखटाटाने त्यांचा डावा कान गेला. मंगळवार बाजारात मागून हाक मारली तर ते आधी समोर बघतात, मग आकाशाकडे, मग भलत्याच माणसाकडे बघून हसतात. मला लहानपणी त्याची लाज वाटे. पाण्याखाली स्वतःची मान तशीच गरगरा फिरवताना ती लाज मला जरा वेगळ्या जागी बोचली.

आता त्या जहाजाविषयी सांगते. गोव्याचा समुद्र काही छायाचित्रांतल्यासारखा निळा-पारदर्शक नसतो. आम्ही दोर धरून उतरलो तेव्हा चार-पाच मीटरपलीकडे हिरवे धुके होते. दोराच्या खालच्या टोकाला काही असेल यावर विश्वास बसत नव्हता, आणि मग एकाएकी ते होते. पाण्यात वस्तू खऱ्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात, त्यामुळे पहिली छाप आकाराचीच पडते. नीट बघितल्यावर कळले की जहाज असे काही उरलेलेच नाही. वाकलेल्या फासळ्या, एकमेकांवर कोसळलेले पत्रे, पिंपासारखे काहीतरी गोल, आणि या सगळ्यावर चढलेली जिवंत साल. कालवे, शेवाळ, स्पंज, मऊ प्रवाळाचे झुबके. मला आमच्याकडच्या बंद पडलेल्या गिरण्यांची आवारे आठवली. भिंतीच्या भेगेतून पिंपळ निघालेला, यंत्रे भंगारात गेलेली, आणि तरी दुपारच्या शांततेत कशाची तरी वर्दळ चाललेली. एका पत्र्याखालून शेवंडीच्या लांब मिशा हलत होत्या. गोबरा नावाचा मासा तोंड उघडे टाकून, घरमालकासारखा, आमच्याकडे बघत होता. सिंहमासा आपला विषारी पिसारा पसरून एका बोगद्यासारख्या पोकळीच्या तोंडाशी तरंगत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. माझ्या कानात माझाच श्वास होता, घोरण्यासारखा, आणि त्याच्या मागे भाजी तडतडावी तसा एक बारीक, अखंड आवाज होता. तो खडकातल्या कोळंबीच्या जातीचा असतो असे नंतर समजले.

आत शिरायचे नाही, हात लावायचा नाही, हे दोन नियम होते. आत मी शिरले नाही.

हात मात्र लावला. का लावला ते सांगता येत नाही. फासळीच्या कडेवर कालवांची धार होती, तळहाताला काहीच जाणवले नाही, आणि मग बोटातून एक काळपट हिरवा धागा निघून पाण्यात विरघळताना दिसला. ते माझे रक्त होते. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग आधी गिळून टाकते, त्यामुळे तेवढ्या खोलीवर रक्तही लाल राहत नाही. मला भीती वाटली ती जखमेची नाही, रंगाची. इथे कोणी मेले असेल तर त्याचे रक्तही असेच दिसले असेल, हा विचार त्या क्षणी पहिल्यांदा मनात आला. तोवर मी अर्धा तास त्या लोखंडाभोवती जत्रेत फिरावे तशी फिरत होते. वर आल्यावर होडीतल्या दोघांना विचारले, हे जहाज कोणाचे, कसे बुडाले, माणसे वाचली का. दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि मग चहाचे कप पुढे केले.

जहाज बुडणे म्हणजे काय असते, हे मराठी माणसाला शिकवावे लागू नये. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती तारीख अजून बोलली जाते. 'रामदास'च्या सांगाड्याचे काही उरले असेल आणि त्यावर उद्या प्रवाळ चढले, मासे आले, तर मी तिथे पैसे भरून उतरेन का? मला उत्तर देता येत नाही. गोव्यातल्याच सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना १७ व्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले, त्यात तोफा होत्या, हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते. ते वाचताना मला निव्वळ कुतूहल वाटले, दुःख अजिबात नाही. युनेस्कोच्या २००१ च्या करारात पाण्याखालचा वारसा कशाला म्हणावे याची अट आहे, ती वस्तू किमान १०० वर्षे पाण्यात असली पाहिजे. म्हणजे तोवर ती कोणाची तरी असते आणि १०० वर्षांनंतर सगळ्यांची होते. शंभरीच्या आतले बुडणे हे असे मधल्या मध्ये अडकलेले असते. ते बघायला जाणाऱ्याने डोळे कसे ठेवायचे, याचे शिक्षण कोणत्याही कार्डाबरोबर मिळत नाही.

अण्णांचे गाव भीमेच्या काठी, करमाळा तालुक्यात होते. होते म्हणजे अजूनही आहे, पण १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि ते यशवंतसागराच्या तळाशी गेले. गाव सोडताना लोकांनी देव हलवले, दारांच्या चौकटी काढल्या, तुळया उतरवल्या. आमच्या वाड्याच्या एका तुळईचा पलंग झाला आणि त्यावर मी लहानाची मोठी झाले. दगड नेणे परवडणारे नव्हते, म्हणून भिंती आणि जोती तशीच राहिली. मी सोलापुरात जन्मले, गाव मी पाहिले ते फक्त आजीच्या बोलण्यातून, आणि आजी गावाबद्दल नेहमी वर्तमानकाळात बोलायची. "आपल्या परसात रामफळ हाय." मला वाटायचे, आहे तर आपण सुट्टीत तिकडे का जात नाही?

मालवणच्या त्या अंगठ्याची गंमत मी घरी रंगवून सांगितली होती. सगळे हसले, अण्णाही हसले. मग पाणी पिताना ते सहज म्हणाले, "आमच्या आबांनीबी अंगठाच दिला हुता की कागदावर. पर त्यांना कुणी वर न्यायला आलं न्हाई." एवढे बोलून त्यांनी तांब्या खाली ठेवला. मोबदल्याचा कागद, तलाठ्याचे टेबल, शाईची डबी, यातले काही ते कधी बोलले नव्हते आणि नंतरही बोलले नाहीत. मी तो विनोद पुन्हा कोणाला सांगितला नाही.

२०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका महाराष्ट्राच्या ताब्यात आली आहे आणि सिंधुदुर्गात निवतीच्या खडकाजवळ तिला मुद्दाम बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करायची योजना आहे. सुमारे ८४ मीटर लांबीची ती नौका १९८५ साली पोलंडमध्ये नौदलात दाखल झाली होती. मी ती बातमी अण्णांना मोठ्याने, त्यांच्या उजव्या कानाशी, वाचून दाखवली. बुडवण्याआधी जहाजातले तेल, वंगण, तारा, विषारी रंग काढून ते स्वच्छ करावे लागते, नाहीतर समुद्रच नासतो, हेही सांगितले. त्यांना ते फार आवडले. "धुऊन पुसून बुडवत्यात म्हण की," ते म्हणाले. बुडवण्यातही एक रीत असू शकते, याचे त्यांना कौतुक वाटले असावे. मला त्यांच्याइतके निर्मळ कौतुक वाटले नाही, पण आशा वाटली, हे खरे. तळाशी वाळूच वाळू असते तिथे प्रवाळाच्या अळीला चिकटायला जागा नसते, आणि लोखंडाचा सांगाडा तेवढी कठीण जागा देतो. आधी शेवाळ, मग कालवे, मग लपायला आलेले मासे, मग त्यांना खायला आलेले मासे. प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, शिवाय समुद्र तापला की प्रवाळातले शैवाल निघून जाते आणि ते पांढरे पडते. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी असे जगभरचे विरंजन चौथ्यांदा घडत असल्याचे जाहीर केले. म्हणजे बुडवलेली नौका हा काही उपाय नाही. मालवणच्या समुद्रात १९८७ साली जाहीर झालेले सागरी अभयारण्य आहे, तिथला जुना, जिवंत खडक जपणे हे कितीतरी अवघड आणि कमी छायाचित्रे निघणारे काम आहे.

गोड्या पाण्याला मात्र हे जमत नाही. धरणाच्या तळाशी प्रवाळ चढत नाही. तिथे गाळ बसतो, दरवर्षी एक पातळ थर, आणि सगळे एकाच रंगाचे होत जाते. उजनीवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते बघायला गाड्या भरून माणसे येतात, कडेने मासळीच्या खाणावळी उभ्या राहिल्या आहेत. त्या पाण्याला तुम्ही सुंदर म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. पण ज्या गावांचे रस्ते बुडाले, त्यांना या काठावरून त्या काठावर होडीनेच जावे लागते, आणि २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या अण्णांनी आवाज वाढवायला सांगितले नाही, बंद करायला सांगितले.

त्याच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गावाला गेलो होतो. उजनी उणे पन्नास टक्क्यांच्या आसपास गेली होती आणि अण्णांनी स्वतःहून विषय काढला. "तुला बुडालेलं बघायची हौस हाय न्हवं, चल मग. हितं पैसं पडत न्हाईत." चुलतभावाच्या गाडीने पहाटे निघालो. काठाच्या पुढे दीड-दोन किलोमीटर भेगाळलेला गाळ होता, त्यावर वाळलेले शिंपले पायाखाली पापडासारखे मोडत होते, आणि वास थेट त्या होडीतल्यासारखा, ओल्या दोराचा आणि मेलेल्या माशाचा. अण्णा आधी चुकले. ज्याला त्यांनी चावडी म्हटले ते काही तरी दुसरेच होते. मग विहिरीचे कठडे दिसले आणि तिथून मात्र ते रस्त्यावरून चालावे तसे, वळणे घेत चालू लागले, जिथे वळण्याचे काही कारण दिसत नव्हते तिथेही. मी मागून चालत होते. जहाजावर उतरताना जे केले तेच मी करत होते हे माझ्या लक्षात आले, वस्तू बघत होते, छायाचित्रासाठी उजेड कुठून येतो ते बघत होते. मोबाईल मी खिशात ठेवला आणि मग हातांचे काय करायचे ते सुचेना.

आमचे घर म्हणजे गुडघाभर उंचीचे जोते होते, एका कोपऱ्यात अर्धी भिंत, आणि समोर दगडी उंबरा. उंबऱ्याच्या खोबणीत शिंपले अडकले होते. अण्णा त्याच्यासमोर थांबले.

"तुझ्या त्या जहाजात आत जाता येतं का?"

"नाही, अण्णा. आत जायचं शिक्षण वेगळं असतं. गाळ उठला की बाहेर यायची वाट दिसत नाही."

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी डाव्या हाताने माझ्या खांद्याचा आधार घेतला, एकेक करून दोन्ही चपला काढल्या, उंबऱ्याच्या बाहेर एका रेषेत ठेवल्या आणि आत पाऊल टाकले. ऊन चढले होते आणि गाळ तापला होता. ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर देत, चटके चुकवत, जिथे स्वयंपाकघर असावे तिथपर्यंत गेले आणि वळून बघू लागले. मी हाक मारली तर ते आधी भिंतीकडे, मग आकाशाकडे बघतील म्हणून मी हाक मारली नाही.

"भाईरच हुबी राहणार व्हय?" ते म्हणाले. "ये की आत."

मी बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकले.